डाव्या हाताची अक्षरं

सव्वीस वर्षं मी मास्तरांबरोबर काढली आणि त्यातली निदान पंचवीस त्यांच्याशी भांडण्यात गेली. मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमधली स्टोअरवाली. करवत, रंधा, कानस, ड्रिल, पॉलिशपेपर, पोरांना जे काही लागेल ते माझ्या जाळीच्या खिडकीतून जातं आणि संध्याकाळी त्याच खिडकीतून परत येतं. नाही आलं तर मग मी आहे आणि ते पोरगं आहे. हिच्या नाकावर राग आहे, असं सगळे म्हणतात. असू दे. रोज साठ पोरांकडून साठ कानशी मोजून परत घेऊन दाखवा, मग बोला.

मास्तर म्हणजे वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. प्रोफेसर नव्हेत. पोरांना यंत्रं दाखवायची, बोटं तुटू द्यायची नाहीत, एवढंच त्यांचं कागदावरचं काम. पण शेवटच्या वर्षाला गटप्रकल्प नावाचा एक विषय होता. पाच-पाच जणांनी मिळून काहीतरी नवीन शोधायचं आणि हाताने बनवायचं. असला राडा कुठल्याच प्रोफेसरला नको होता, म्हणून तो मास्तरांच्या गळ्यात पडला. आणि या माणसाने त्याचा गळ्यातला ताईत करून टाकला.

माणूस दिसायला अगदीच साधा. कानामागे पेन्सिल, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात नेहमी एक पॉलिशपेपरचा तुकडा. बोलणं कमी आणि हळू. पण सोमवारी सकाळी गटप्रकल्पाचा तास असला की यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. "बाई, डबा द्या," म्हणत साडेआठलाच खिडकीशी हजर.

डबा म्हणजे स्क्रूचा रिकामा पत्र्याचा डबा. दर सोमवारी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक कल्पना लिहायची आणि डब्यात टाकायची. नाव घालायचं नाही. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं, डावखुरा असेल त्याने उजव्या. मग डबा हलवायचा, प्रत्येकाने दुसऱ्याची चिठ्ठी उचलायची आणि त्या कल्पनेत भर घालून ती गटाच्या वहीत टाचणीने लावायची. पोरं लिहीत असताना मास्तर स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. का, तर आपल्याला कळलं तर आपण नकळत एखाद्याची बाजू घेऊ. वीस-एकवीस वर्षांची घोडी पहिलीतल्या बाळांसारखी जीभ बाहेर काढून डाव्या हाताने गिरवतायत आणि मास्तर शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे. मी खिडकीतून बघायची आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायचं.

आणि एक नियम होता. "माझी कल्पना" असं जो म्हणेल त्याने वर्कशॉप झाडायचं. पहिला महिनाभर आमचं वर्कशॉप आरशासारखं लख्ख असायचं! दुसऱ्या महिन्यात भुसा साचायला लागायचा. मास्तर तो भुसा बघून खूश. म्हणायचे, "बाई, आता बघा, पोरं एकत्र विचार करायला लागली."

मी म्हणायची, "एकत्र कसला डोंबलाचा विचार? कोण काम करतंय आणि कोण पाट्या टाकतंय ते तुम्हाला कळतं तरी का?"

"शेवटी शेवटी प्रत्येकाला वाटायला लागतं ना, की ही कल्पना मलाच सुचली," मास्तर म्हणायचे, "त्या दिवशी समजायचं की गट जमला. त्याच्यापुढे मला काही कळायची गरज नाही."

मी पूर्वी अवजारं देताना ज्याचं त्याचं नाव लिहायची. मास्तरांनी तेही बंद करायला लावलं. गटाचा नंबर लिहा म्हणाले. त्यावरून आमचं आठ दिवस वाजलं. शेवटी मी ऐकलं. माझंच चुकलं, पण ते पुढे येईलच.

ते भोवलं त्या वर्षीची ही गोष्ट. मास्तर दर वर्षी पोरांपुढे खऱ्या माणसाची खरी अडचण ठेवायचे, पुस्तकातली नाही. त्या वर्षी चौथ्या गटापुढे त्यांनी कोणाला उभं करावं? मला! माझा उजवा खांदा धरलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. घरी मी आणि म्हातारी सासू. वीस लिटरचा पाण्याचा कॅन येतो, तो उचलून स्टँडवर उलटा करणं आम्हा दोघींच्या बापाच्यानं होत नाही. शेजारचं कोणी भेटेपर्यंत पाणी असून घसा कोरडा. तर मास्तर मला म्हणाले, "बाई, जरा उचलून दाखवा पोरांना." मी त्या पाच जणांसमोर कॅन उचलायला गेले आणि अर्ध्यातच आई गं करून खाली ठेवला. हे माझं प्रदर्शन!

त्या गटात पाच जण. एक लाऊडस्पीकर, म्हणजे तोंड बंदच नसलेला मुलगा, पण मनाने वाईट नाही. दोन मैत्रिणी, त्यांना मी जोडगोळी म्हणायची, पाणी प्यायलाही दोघी मिळून जाणार. एक डुलकी, तो बसल्या जागी झोपायचा आणि उठल्यावर नेमकं कामाचं बोलायचा. आणि पाचवी फूटपट्टी. उंच, सडसडीत, वाकल्यावर मोडेल की काय असं वाटावं अशी. ती बोलायचीच नाही. विचारलं तर हो किंवा नाही, तेही मोजून.

फूटपट्टी बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. मधे तिची आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा हिने शिक्षण सोडून तिचं सगळं केलं. आई गेली, मग परत आली. विद्यापीठाचा नियम असा, की नाव घातल्यापासून सात वर्षांत पदवी पुरी झाली पाहिजे, नाहीतर सगळं बाद. तिचं हे सातवं. बाकीचे सगळे विषय सुटलेले. हा एक प्रकल्प झाला की सुटली, आणि नाही झाला तर सात वर्षं मातीत. हे तिने स्वतःहून सांगितलं नाही. मीच एकदा खोदून खोदून विचारलं.

पहिले दोन सोमवार चिठ्ठ्यांमध्ये नुसत्या कप्प्या, दोऱ्या आणि मोटारी निघाल्या. कॅन वर कसा उचलायचा, ह्याच्याच शंभर तऱ्हा. तिसऱ्या सोमवारी एक चिठ्ठी निघाली. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत फक्त तीन शब्द होते. "उचलायचाच कशाला? लोळवा."

लाऊडस्पीकरने ती मोठ्याने वाचली. मग असा काही कल्ला उठला की मी कुलूप लावून बाहेर आले. झुलत्या खुर्चीला असतात तशा वाकड्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये झोळी. कॅन जमिनीवरूनच लोळवत झोळीत घ्यायचा, पट्टा आवळायचा आणि दांडा पायाने दाबायचा. फळ्या झुलतात, कॅन आपोआप कलतो, पाणी तोटीत. उचलणं म्हणून नाहीच. पुढच्या नऊ सोमवारांत ते त्यांनी बनवलं. आज ते माझ्या घरी आहे आणि माझी सासू पंच्याऐंशीव्या वर्षी त्यातून स्वतःच्या हाताने पाणी घेते. तिने पहिल्यांदा दांडा दाबला आणि पाणी आलं तेव्हा मी रडले, लपवायचं काय त्यात.

त्या नऊ सोमवारांत ती वाकडी फळी कोणी घासली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. फूटपट्टीने. दोन्ही बाजूंचा बाक केसाइतका सारखा नसला तर कॅन वाकडा जातो. ती एक डोळा मिटून फळीकडे बघायची, दोनदा कानस मारायची, परत बघायची. बाकीचे बोलत असायचे आणि ही घासत असायची.

सगळ्यांना ते स्टँड आवडलं. आणि मग तो फॉर्म आला.

विद्यापीठाने त्याच वर्षीपासून नवीन काढलं. गटाला गुण मिळतील, पण प्रत्येकाचा सहभाग किती ते वेगळं ठरणार. प्रत्येकाने कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा. मूळ कल्पना कोणाची, आणि पाच जणांत कोणाचा वाटा शंभरात किती. पाचही फॉर्मांची सरासरी काढायची, आणि जो दहाच्या खाली तो नापास. एकदा पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडत नाही. मास्तरांना हे निकालाच्या आदल्या आठवड्यात कळलं. ते म्हणाले, "काही नाही हो बाई, पोरं वीस-वीस लिहून मोकळी होतील." एवढा भोळा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

फॉर्म उघडले तेव्हा मास्तर तो कागद घेऊन खिडकीशी आले आणि नुसते उभे राहिले. मी कागद ओढून घेतला. मूळ कल्पना कोणाची, या रकान्यात लाऊडस्पीकरने लिहिलेलं, माझी. जोडगोळीतल्या एकीने, माझी. दुसरीने, माझी. डुलकीनेही, माझी! वाटा म्हणाल तर लाऊडस्पीकरने स्वतःला पन्नास दिलेले, जोडगोळीने चाळीस-चाळीस, डुलकीने तीस. म्हणजे चौघांनी मिळून ते स्टँड एकशेसाठ टक्के बनवलं होतं. आणि एवढं करूनही फूटपट्टीच्या नावावर काय उरलं? पाच, पाच, पाच आणि दहा.

तिच्या स्वतःच्या फॉर्मवर पाचही जणांना वीस-वीस. मूळ कल्पनेच्या रकान्यात, "सगळ्यांची." खाली, तुम्ही स्वतः नेमकं काय केलं, तिथे एक ओळ होती. "वर्कशॉपच्या नियमाप्रमाणे आम्ही माझं म्हणत नाही."

सरासरी नऊ. स्वतःला पाच जास्त लिहिले असते, विसाचे पंचवीस, तरी दहा झाले असते. पाच! मी कपाळावर हात मारून घेतला. बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, म्हणतात ते खोटं नाही.

मी सरळ लाऊडस्पीकरला गाठलं. जिन्यातच धरला. "लाज नाही वाटत? तुझी कल्पना? तू त्या सोमवारी चिठ्ठी वाचलीस फक्त!"

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. "मावशी, आईशप्पथ माझी होती. मी अंघोळ करत होतो, बादली लवंडली, आणि तेव्हाच सुचलं. मला साबणाचा वाससुद्धा आठवतोय."

जोडगोळीला विचारलं. एकीला लहान भाऊ ड्रम लोळवताना बघून सुचलेलं, दुसरीला बसमध्ये. डुलकीला झोपेत. चौघांच्या डोळ्यांत मी टक लावून बघितलं. एकाच्याही डोळ्यांत खोट नव्हती. खोटं बोलत असते तर मी त्यांची सालटी काढली असती. पण ते खरंच बोलत होते. इतके दिवस त्या कल्पनेवर पाचही जणांनी इतका जीव लावला, की ती आतून प्रत्येकाची होऊन बसली होती. मास्तरांचा गट जमला होता. मग मी राग काढू कोणावर?

आणि फूटपट्टीचं सातवं वर्ष ऐकल्यावर लाऊडस्पीकर रडायलाच लागला. त्याला ठाऊकच नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. चौघं धावत ऑफिसात गेले, फॉर्म बदलू द्या म्हणाले. कॉम्प्युटर उघडेना. मग त्यांनी एक पत्र लिहून दिलं की ती आमच्याबरोबर कायम असायची, फार शांत होती, तिचा आम्हाला फार आधार होता. मी वाचलं आणि म्हटलं, "अरे, ती जिवंत आहे अजून! शोकसभेत वाचायचं पत्र लिहिलंत." पण दुसरं लिहिणार काय, त्यांना आठवतच नव्हतं. घासलेली फळी कोणाच्या लक्षात राहते?

शेवटी एक वाट निघाली. विभागप्रमुख मॅडमनी मास्तरांना बोलावून सांगितलं, की तीन जणांची समिती बसेल. मूळ कल्पना तिची होती किंवा अमुक एक काम तिने एकटीने केलं, एवढं पुराव्यानिशी दाखवा, मी तिला दहा देते. मॅडम काही वाईट बाई नाही. "मला त्या मुलीला नापास करायचं नाहीये हो," त्या म्हणाल्या, "पण मला लिहायला काहीतरी द्या." समिती मंगळवारी होती.

पुरावा! माझं रजिस्टर काढलं. अकरा वेळा अर्धगोल कानस गेली होती. अकराही वेळा लिहिलेलं, गट चार. माझ्याच हाताने लिहिलेलं. मी मास्तरांना म्हटलं, "शाई तीच आहे, पेन तेच आहे. गट चारच्या पुढे तिचं नाव टाकते. कोणाला कळतंय?"

मास्तर म्हणाले, "नको बाई. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे!"

"नको म्हटलं ना." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. मी रजिस्टर मिटलं. खरं सांगते, नोकरी जाईल म्हटल्यावर सासू डोळ्यांसमोर आली.

रविवारी सकाळी राहवेना म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, सगळं टापटीप. दार वहिनींनी उघडलं आणि मला बघताच म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्ही तरी सांगा काहीतरी. शुक्रवारपासून जेवणावर लक्ष नाही."

जेवणाच्या टेबलावर गटाची वही पसरलेली. बारा सोमवार, पाच जण, साठ चिठ्ठ्या. मास्तर भिंग घेऊन ओणवे झालेले. ती तीन शब्दांची चिठ्ठी मधोमध आणि तिच्याभोवती बाकीच्या लावलेल्या. ते क ला क ताडून बघत होते. स्वतः घातलेली गाठ नखाने सोडवत बसलेले.

"काही लागतंय का?" मी विचारलं.

"हा ळ बघा. या चिठ्ठीतला ळ आणि पाचव्या सोमवारचा ळ सारखा वाटतो. पण मग सातव्या सोमवारचापण तसाच आहे, आणि त्यात डुलकीची ती झोळीची गोष्ट आहे." त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "डाव्या हाताने सगळी माणसं सारखीच लिहितात हो बाई."

"मलाही लिहायला लावलं डाव्या हाताने," वहिनी म्हणाल्या. "माझाही ळ तसाच निघाला. म्हणजे बघा, कल्पना माझीसुद्धा असेल!" आम्ही दोघी हसलो. मास्तर हसले नाहीत.

चहा करताना वहिनींनी मला आत हळूच सांगितलं, जे सव्वीस वर्षांत मला माहीत नव्हतं. मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ पूर्वी मिळून एक छोटा कारखाना चालवायचे. दोघांनी मिळून एक कापण्याचं यंत्र बनवलं, चांगलं चाललं. मग कोणीतरी विचारलं, हे सुचलं कोणाला? दोघंही म्हणाले, मला. त्यावरून जे फाटलं ते आजतागायत. भावाच्या मुलीच्या लग्नालाही बोलावणं आलं नाही. "तेव्हापासून यांना त्या एका शब्दाची भीती बसलीय," वहिनी म्हणाल्या. "पोरांचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं."

मी बाहेर येऊन मास्तरांना म्हटलं, "भिंग ठेवा ते. परवा आत जायचं आणि सांगायचं, कल्पना तिची. मी पाहिलं म्हणून सांगायचं. एक खोटं. देव काही तुम्हाला फाशी देणार नाही."

"मी भिंतीकडे तोंड करून उभा असतो, बाई."

"ते मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे का?"

ते एक-एक चिठ्ठी उचलून परत वहीत ठेवत राहिले.

मंगळवारी दुपारी समिती बसली. काचेचं लांब टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या, मधे मॅडम, एका बाजूला एक जाड प्रोफेसर, दुसऱ्या बाजूला परीक्षा विभागाचा फाईलवाला. समोर फूटपट्टी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. मला साक्षीला बोलावलेलं.

मी सांगितलं, जे पाहिलं ते सगळं. फळी कशी घासायची, डोळा कसा मिटायची. फाईलवाल्याने विचारलं, "रजिस्टरला नाव आहे का?"

"गटाचं आहे."

"मग ते बाकीच्या चौघांनाही लागू होतं, नाही का?"

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय! सव्वीस वर्षं झाली मला. कोणाच्या हाताला कानस आहे ते मला पाठीवरून कळतं!"

"बाई, शांत बसा," मॅडम म्हणाल्या. मी बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग मॅडमनी मास्तरांना विचारलं, "तुम्ही मार्गदर्शक. तुमच्या मते मूळ कल्पना कोणाची?"

मास्तर उभे राहिले. वही पोटाशी धरलेली. मग म्हणाले, "तिची." आणि हात फूटपट्टीकडे केला. "ती चिठ्ठी टाकताना मी पाहिलं."

माझ्या जिवात जीव आला. मास्तर खोटं बोलले होते, आणि किती वाईट बोलले होते! कान लालभडक. पण बोलले. मॅडमचाही चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग प्रश्नच मिटला. अगं, तू फक्त हो म्हण, मी लिहून घेते. ती कल्पना तुझी होती ना?"

फूटपट्टीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या काचेकडे बघत होते. मी खुर्चीतून तिला डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण गं बाई, हो म्हण.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "कोणाची होती ते मला माहीत नाही. सर भिंतीकडे तोंड करून उभे असतात."

"नीट विचार कर," मॅडम म्हणाल्या. "तुझं वर्ष नाही, पदवी जातेय."

"हो मॅडम."

"हो म्हणजे तुझी होती?"

"नाही. पदवी जातेय ते माहीत आहे."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. जाड प्रोफेसरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दार लोटताना एवढंच ऐकू आलं, फाईलवाला मास्तरांना विचारत होता, "मग तुम्ही आत्ता कशाच्या आधारावर सांगितलंत?"

निकाल चार दिवसांनी आला. बदल नाही. खाली एक ओळ होती, "मार्गदर्शकांचे म्हणणे विश्वसनीय वाटत नाही." सव्वीस वर्षांत ज्या माणसाने एक खिळा घरी नेला नाही, त्याच्याबद्दल हे. मॅडमनी मास्तरांना बोलावून समजावलं, की त्यांनी वरपर्यंत फोन केले, आता काही त्यांच्या हातात नाही. मला पटलं. कोणाच्याच हातात नव्हतं. चौघं पास झाले. त्यांनी पेढे-बिढे काही वाटले नाहीत, निरोपाला आले तेही मान खाली घालून.

पुढच्या आठवड्यात फूटपट्टी आली. नाव काढून घेण्याचा फॉर्म होता, त्यावर वर्कशॉपची सही लागते. मी खिडकीतून म्हटलं, "आत ये, बस. चहा घेतेस?" ती म्हणाली, "नको मावशी, मला पुढे लायब्ररीचीही सही घ्यायचीय." एका फर्निचरच्या दुकानात घासकामाला लागणार होती म्हणे.

मास्तर त्यांच्या टेबलापाशी होते. तिने फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं आणि सही न करताच खाली ठेवलं.

"हो का नाही म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मलाही वाटतं, सर," ती म्हणाली. पुढे ती जेवढं बोलली तेवढं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मलाही अगदी पक्कं वाटतं, की ती चिठ्ठी माझीच होती. आईला मी कुशीवर वळवायची ना, उचलता यायची नाही म्हणून. त्यावरूनच सुचलं, असं आठवतं. पण त्या चौघांनाही तितकंच पक्कं आठवतं. मग मी एकटीनेच कसं म्हणायचं?"

"म्हणायचं होतंस गं," मास्तर म्हणाले. "म्हणायला पाहिजे होतंस. पोरी, सगळे म्हणत होते, तूही म्हणायचं होतंस."

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. तास चालू असताना एखादी शंका विचारावी तसं तिने विचारलं, "मग शिकवलंत कशाला, सर?"

मी जाळीच्या आड उभी होते. ती थांबली होती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मास्तरांनी फॉर्मवर सही केली, तारीख घातली आणि तिच्याकडे सरकवला. तिने घडी घातली, पिशवीत ठेवला आणि लायब्ररीकडे गेली.